कंबर सोडून काहीही

सुताराची कंबर दुखायला लागली तेव्हा धाकटी लेक शाळेत होती. आता ती नांदायला गेली, कंबर मात्र घरातच राहिली.

औषधं झाली, इंजेक्शनं झाली, पट्टे बांधून झाले. शेवटी मोठ्या दवाखान्यात फक्त जुनाट दुखण्यांसाठी एक विभाग होता, तिथून बोलावणं आलं. टेबलाभोवती डॉक्टर, नर्स, व्यायामाच्या बाई आणि मानसोपचारवाल्या बाई असे चौघे बसलेले. एका कमरेसाठी एवढा लवाजमा म्हणजे काहीतरी जालीम उपाय निघणार, असं कुणालाही वाटेल. निघालं काय, तर दुखणं पूर्ण जाईल असं एकही जण म्हणेना.

"दुखायच्या आधीच थांबा. थोडं थोडं काम करा, रोज चाला," व्यायामाच्या बाई म्हणाल्या.

मानसोपचारवाल्या बाई मात्र सोबत आलेल्या बायकोकडे वळल्या. "दुखतंय का, असं आता घरी विचारायचं नाही. यांच्या हातातलं काम काढून घ्यायचं नाही. आणि संध्याकाळी दोघांनी चहा घेत बसायचं. कंबर सोडून काहीही बोला."

सुताराला याचं बरंही वाटलं नाही आणि वाईटही. हल्ली त्याला कशाचंच काही वाटत नसे.

बायको सांगितलेलं काम चोख करणारी. तिने पुन्हा कमरेचं नाव काढलं नाही. आणि तेवढं एक बंद झाल्यावर कळलं, की या घरात बोलायला दुसरं काही उरलंच नव्हतं. पहिल्या संध्याकाळी दोघं मिठाची गुळणी धरल्यासारखे बसले. दुसऱ्या दिवशी त्याने कपाटाच्या बिजागऱ्यांचा विषय काढला, तो दोन घोटांत संपला. मग मात्र सुताराला भीती वाटली. दुखणं नसेल, तर आपण या बाईचे कोण लागतो?

"तूच बोल काहीतरी," एका संध्याकाळी तो म्हणाला. "मनात असेल ते."

तिने कप खाली ठेवला. "माझी आई गेली ना, त्या दिवशी तुमची कंबर धरली होती. फोन आला तेव्हा मी शेकाची पिशवी भरत होते. तुम्ही आतून हाका मारत होतात. मग तुम्हाला शेकलं, शेजारणीला सांगितलं आणि गाडी पकडली. रडायचं राहूनच गेलं."

वाणसामानातलं काही आणायचं राहावं, तशी ती बोलली.

तो दिवस सुताराला पक्का आठवत होता. कळ कुठून निघाली, कोणत्या पायात उतरली, सगळं. सासू त्या आठवणीत कुठेच नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"मग आता रड," तो म्हणाला.

"आता येत नाही."

बसून बसून त्याची कंबर ठणकायला लागली होती. तो उठला नाही.

"शेवटचं बोलणं काय झालं गं तुम्हा मायलेकींचं?"

तिने दोन्ही कप उचलले.

"जावईबापूंची कंबर कशी आहे, विचारत होती."