चारी कोपरे साबूत

पाटोद्याच्या सत्यभामेनं हैदराबादेला नर्सबाईंच्या शाळेत अर्ज धाडला आणि दीड महिना रोज डाकवाल्याची वाट अडवली. शेवटी पत्र आलं, तेही सरकारी उर्दूत, आणि वाचणारा मुन्शी नेमका परगावी. तिनं पत्राचे कोपरे चाचपले आणि पायाला भिंगरी लागल्यागत गल्लीभर गूळ वाटत सुटली.

"कावून नाचतीस? वाचलंय कुठं अजून?" सासू तुळजाबाईनं हटकलं.

"आत्याबाई, वाईट खबरीच्या पत्राचा कोपरा फाडत्यात. ह्याचे चारी साबूत हायेत."

दुसऱ्या दिवशी मुन्शी आला. तिनं आधी त्याच्या हातावर गूळ ठेवला. तो चघळत त्यानं सावकाश पत्र वाचलं.

"बाई, सरकार नकाराचाबी कोपरा फाडत न्हाई."

सत्यभामेनं उरलेला गूळ पदराखाली ओढला.

"पण हे मंजूर हाय," म्हणत त्यानं गुळासाठी पुन्हा हात पुढं केला.