चार दिवसांची पाहुणी

माझी बदली काल्हेरच्या गोडाऊनला झाली तेव्हा आम्ही ठाण्यात भाड्याने राहत होतो आणि तिथलं भाडं दर वर्षी वाढत होतं. काल्हेरला त्या मानाने स्वस्त, म्हणून तिकडेच घर बघायला लागलो. आम्ही म्हणजे मी, बायको, पाच वर्षांची मुलगी आणि आई.

सहा रविवार फिरलो. परवडणारी घरं नव्हती असं नाही, दोन ठिकाणी तर जवळजवळ ठरलं होतं. पण एका मालकाने आईचा खोकला ऐकला आणि म्हणाला, "आजारी माणूस नको." दुसऱ्याने घरात म्हातारं कोणी आहे का विचारलं आणि हो म्हटल्यावर एजंटकडे बघून मान हलवली. आईचा खोकला जुना होता, धुळीने यायचा, कुणाला लागणारा नव्हता. पहिल्या मालकाला मी जिन्यात उभा राहून हे समजावत होतो, तेव्हा आई माझ्या मागे तोंडावर पदर धरून खोकला दाबत होती. त्यानंतर मी तिला घर बघायला नेलं नाही.

सातव्या रविवारी घर मिळालं. तिसरा मजला, स्वयंपाकघराला खिडकी. मालकांनी स्वतःच्या शेतावरच बिल्डिंग बांधली होती आणि ते खालीच राहत. गेटजवळ खुर्ची टाकून बसले होते.

"मानसा किती?" त्यांनी विचारलं. "पानी टँकरचा हाय, म्हनून इचारतो."

"तिघं," मी म्हणालो.

बायको शेजारीच होती. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.

आईला सामान बांधताना सांगितलं. "कुणी विचारलं तर चार दिवसांसाठी आलेय म्हण. अकरा महिन्यांनी ॲग्रीमेंट नवीन झालं की मी मालकांशी बोलतो."

वाटलं होतं, ती रागावेल. ती म्हणाली, "बरं. चार दिवस म्हणू की आठ?"

मी तिला जे करायला सांगितलं होतं, ते तिने माझ्यापेक्षा नीट केलं. बायकोने कपाटात तिच्यासाठी खण रिकामा ठेवला, पण तिचे कपडे पिशवीतच राहिले. लुगडं गॅलरीत दिसलं तर लोक विचारतील म्हणून ती ते स्वयंपाकघरात दोन खुर्च्यांवर वाळत घालायची आणि बायको त्याखालून वाकून ये-जा करायची. महिनाअखेरीला पिशवी घेऊन ती वडप्याला माझ्या बहिणीकडे जायची. बहिणीच्या दोनच खोल्या, मेव्हणा गोडाऊनमध्ये ड्रायव्हर. तिथे चार-पाच दिवस राहून परत यायची. जाताना गेटवर मालकांना सांगायची, "येते हो, दादा."

मुलगी मला एकदा म्हणाली, "आजी आपल्याकडे नेहमी का येते?"

ॲग्रीमेंट संपलं, नवीन झालं. मालकांकडे चहा घेत बसलो होतो, वाक्य तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "पानी पुरतो ना?"

"पुरतं," म्हणालो आणि वर आलो.

बायकोने विचारलं, "सांगितलंत?"

"पुढच्या वेळी."

"तुम्हाला सोय झालीय त्याची," ती म्हणाली.

ते खरं होतं. आई वडप्याला गेली की घर मोकळं वाटायचं. हॉलमध्ये टीव्ही मोठ्याने लावता यायचा. हे मी कुणाला बोललो नव्हतो, पण बायकोला कळलं होतं.

त्या हिवाळ्यात महिनाअखेरीला आईच्या अंगात ताप होता. मी म्हणालो, "या वेळी राहू दे." पण मला स्वतःलाच ऐकू आलं की मी ते अगदी हळू म्हणालोय.

"नको. मालक गेटवर बसतात. बघतात," ती म्हणाली.

मी पुन्हा म्हणालो नाही. तिला शेअर रिक्षात बसवलं आणि ड्युटीवर गेलो. त्या दिवशी वाटेत अंजूरफाट्याला कंटेनर आडवा झाला होता. उन्हाधुळीत ती दोन तास रिक्षात अडकून पडली. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "अशा तापात पाठवलीस तिला? तू घरी नव्हतास का?"

मी घरीच होतो, हे मी तिला सांगितलं नाही.

निमोनिया निघाला. आठ दिवस दवाखान्यात. मी रजा टाकून पायाशी बसलो होतो. नर्सने पेशंट कुठे राहतात विचारलं तेव्हा आई माझ्याकडे बघत राहिली, मी काय सांगतो ते ऐकायला. मी काल्हेरचा पत्ता सांगितला.

ती बरी झाल्यावर मी मालकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

"मला म्हाईत व्हता," ते म्हणाले. "पयल्या महिन्यातच. म्हातारी रोज गेटवर बोलते माज्याशी. एकदा इचारला, कवा जानार? बोलली, सोमवारी. तोंड एवढासा झाला तिचा. मंग मी परत इचारलाच न्हाय."

"मी आधी सांगितलं असतं तर?"

त्यांनी जरा विचार केला. "भाडा वाढवला असता थोडा. हाकलला नसता."

आई परत आली. आता ॲग्रीमेंटवर तिचंही नाव आहे. एका दुपारी ती लसूण सोलत बसली होती, मी समोर बसलो आणि म्हणालो, "आई, त्या वेळी माझं चुकलं."

"कुठल्या वेळी?" ती म्हणाली, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता बहिणीच्या मुलाच्या परीक्षेचं सांगायला लागली. तिने विषय बदलला म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. वर्षभर मालकांनी काही विचारलं नाही की जिना चढताना वाटायचं, अगदी तसंच. मी तिच्याजवळचा लसूण ओढून घेतला आणि सोलायला लागलो.