शेठजींचं कार्ड आणि माझी पक्की नोकरी

आम्ही जुने एमआयडीसीवाले जमलो की एकाने किस्सा काढायचा अवकाश, दुसऱ्याच्या पोतडीतून चार बाहेर पडतात. मला मात्र सगळे म्हणतात, "तू ते कार्डाचं सांग रे!" आज सांगताना हसू येतं हो, पण तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती.

नव्वदीची सुरुवात. जळगावात प्लॅस्टिक पाइपची फॅक्टरी, आणि मी प्रोबेशनवरचा इंजिनिअर. शेठजींनी मुंबईहून एक कार्ड आणलं. ते कॉम्प्युटरमध्ये बसवायचं, मशीनपासून तार ओढायची, की मशीनचं तापमान थेट स्क्रीनवर!

शेठजी म्हणाले, "पाटील, शुक्रवारी ऑर्डरसाठी पुण्याचे साहेब येतील. ग्राफ दिसला तर तू पक्का. नाही दिसला, तर शनिवारी डबा घेऊन येऊ नको!"

इकडे एरंडोलला माझ्या वडिलांनी, आबांनी, मुलगी बघून ठेवलेली. नोकरी पक्की झाली की साखरपुडा.

*

अख्ख्या फॅक्टरीत कॉम्प्युटर एकच. काचेच्या केबिनमध्ये, एसीत. चपला बाहेर काढून आत जायचं. मी स्क्रू ड्रायव्हर काढला, तर मुनीमजी आडवे!

"उघडू नका! आत धूळ गेली तर माझी बिलं कोण काढेल?"

शेवटी शेठजींनी मान हलवली. झाकण काढलं, तर आत बोटभर धूळ आणि पालीची दोन अंडी! मुनीमजी थंडपणे म्हणाले, "बघा, उघडल्याबरोबर धूळ आत गेली की नाही?"

*

बसवण्याआधी कार्डाची पूजा हवीच. शेठजींच्या आई, आमच्या माँजी, ताट घेऊन आल्या. मी नारळ फोडायला बाहेर गेलो, तेवढ्यात त्यांनी कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर ओलं कुंकू ओढलं. नेमक्या ज्या पट्ट्या कॉम्प्युटरच्या खाचेत जातात, त्यांच्यावरच!

"सोनं दिसलं बेटा, म्हणून तिथेच लावलं."

कार्ड गेलं, नोकरी गेली, मुलगीही गेली! अर्धा दिवस मी खोडरबरने कुंकू खरडत होतो, आणि माँजी समोर बसून ऐकवत होत्या, "शुभकामात कुंकू पुसणारा पहिलाच बघितला!"

*

कार्ड बसलं, तर प्रिंटर बंद. कार्ड काढलं, तर प्रिंटर चालू! कॉम्प्युटरच्या आत दोघांनी एकच नंबर धरून ठेवलेला. मुनीमजी तडक शेठजींकडे गेले. "या पोराने घरात सवत आणली!"

कार्डावर जंपर नावाची बारीकशी टोपी असते. ती हलवली की कार्डाचा नंबर बदलतो. मी ती काढली आणि चिमटीतून निसटली. तांदळाएवढा तुकडा! मी, मुनीमजी, शेठजी, तिघेही गुडघ्यांवर, कपाळं फरशीला.

चहावाला आत आला. त्याने आम्हाला पाहिलं, कॉम्प्युटरकडे पाहिलं, ट्रे ठेवला आणि तोही भक्तिभावाने टेकला! जंपर त्याच ट्रेखाली निघाला.

*

मग ग्राफ आला, पण अंगात आल्यासारखा नाचत. मे महिना, विजेची तार जमिनीत पुरलेला अर्थिंगचा खड्डा ठणठणीत कोरडा, म्हणून हा नाच. मशीनवर धरणगावचे नाना होते. माणूस असा, की सांगितलेलं काम जीव ओतून करणार, पण टोमणा मारल्याशिवाय नाही. मी म्हटलं, "नाना, खड्ड्यात रोज दोन बादल्या मीठपाणी ओता."

"साहेब, गावमा मानसेस्ले पेवाले पानी नही शे, नि तुम्ही खड्डाले पाजतस?"

ओतलं मात्र इमानेइतबारे. नाच थोडा कमी झाला. पण मधूनच रेषा जुन्याच आकड्यावर अडकून बसायची.

*

शुक्रवार उजाडला. सकाळपासून मी केबिन सोडली नाही. पुण्याचे साहेब गाडीतून उतरून थेट आत आले. "आधी ग्राफ, मग मशीन," म्हणाले. मी गजाननाचं नाव घेतलं, डोळे मिटले आणि एंटर दाबलं.

भीत भीत एक डोळा उघडला. एकशे ऐंशी डिग्री! सरळ रेषा! साहेबांचा चहा संपला तरी ती केसभर हलली नाही.

"शेठजी," साहेब म्हणाले, "इतकं स्थिर मशीन मी अख्ख्या महाराष्ट्रात पाहिलं नाही. ऑर्डर तुमची!"

शेठजींनी पाठीवर अशी थाप मारली की माझा चष्मा उडाला. "पाटील, तू पक्का!" डोळ्यांत पाणीच आलं हो. मनातल्या मनात मी साखरपुड्याचे पेढे वाटायला घेतले.

तेवढ्यात दार ढकलून नाना आत आले, ओले हात धोतराला पुसत.

"शेठ, पाव्हना ईग्यात का? मशीन सकायपासून बंद करीसन, धोई-पुसीसन ठेयेल शे. आते चालू करू का?"