घरमालक, कांदा आणि ऊन

सोलरच्या धंद्यात माल पडून राहतो, किस्से मात्र रोज ताजे येतात! मी गच्ची मोजायला म्हणून लोकांच्या घरी जाते आणि घरातलं सगळं ऐकून परत येते. ऊन सगळ्यांवर सारखंच पडतं, पण ते घ्यायची ऐपत प्रत्येकाची वेगळी.

दुकान सलीमभाईंचं, चिकलठाण्यात. गाळा भाड्याचा. आमच्याच छतावर एकही पॅनेल नाही, कारण स्लॅब गळेल म्हणून घरमालक खिळासुद्धा ठोकू देत नाही. गिऱ्हाईक हटकून विचारतं, "तुमच्या दुकानावर का नाही हो?"

सलीमभाईंचं उत्तर ठरलेलं. "डॉक्टरला विचारता का, तुम्हाला ताप का नाही?"

*

एका बंगलेवाल्यांना पॅनेल रस्त्याच्या बाजूलाच हवी होती. मी म्हटलं, "काका, ती उत्तर बाजू. तिथं ऊन कमी मिळेल."

"कमी मिळू द्या. मागं बसवली तर लोकांना कळणार कसं?"

शेवटी पॅनेल दक्षिणेला बसवली आणि गेटवर पाटी लावून दिली, 'या घरावर सोलर आहे'. काका खूश!

*

कौसरआपा शिवणकाम करतात. एक मशीन, एक पंखा, दोन बल्ब. त्यांचं वीजबिल बघून सलीमभाईंनी स्वतःच सांगितलं, "आपा, इतक्याशा बिलाला सोलर परवडणार नाही. पैसे वसूल व्हायला जन्म जाईल."

आपा विचारात पडल्या. "तो क्या, पहले एसी लेऊँ?"

मला वाईटच वाटलं.

*

वैजापूरचे एक कांदा व्यापारी. भाव चढला की त्यांचाच फोन येतो, "ताई, या मोजायला!" भाव पडला की फोन बंद. मी तीनदा जाऊन तेच गोदाम मोजून आले.

शेवटी वैतागून विचारलं, "शेठ, नक्की काय ते सांगा ना."

"ताई, तुमचं सोलर उन्हावर चालत असंल. आमचं कांद्यावर चालतं!"

*

यंदा धंदा इतका बसला की सलीमभाई गाळा सोडून भावाच्या कापडदुकानात जायच्या तयारीत होते. म्हणजे माझी नोकरीही गेलीच. आशा एकच होती, शेंद्र्यातल्या एका कारखान्याचं काम. त्यांच्या परदेशी गिऱ्हाइकानं सोलरचा आग्रह धरला म्हणून कारखान्याचे साहेब स्वतः दुकानात आले. ऐन उन्हाळ्यातली दुपार.

सलीमभाईंनी लॅपटॉप उघडला आणि लाइट गेली! पंखा थांबला, जुना लॅपटॉपही बंद पडला.

साहेब घाम पुसत म्हणाले, "सोलरच्या दुकानात लाइट नाही?"

डॉक्टरचा विनोद सलीमभाईंच्या तोंडून निघेना. "गाळा भाड्याचा आहे, साहेब," ते हळूच म्हणाले. "घरमालक छताला हात लावू देत नाही."

दारात बिरूआबा बसले होते. मेंढरं घेऊन गावोगाव फिरणारे धनगर. घोड्याच्या पाठीवर बांधलेल्या त्यांच्या पॅनेलची वायर मी नुकतीच बदलून दिली होती. आबा उठले, बाहेर गेले आणि बॅटरी न् छोटा पंखा घेऊन आले. नातीसाठी ठेवलेला. साहेबांसमोर ठेवून त्यांनी बटण दाबलं.

"बसा वाऱ्याला. लई उकडतंय."

साहेबांनी खुर्ची पुढं ओढली. "कागदावर काढून दाखवा," ते सलीमभाईंना म्हणाले.

सलीमभाईंनी पेनानं सगळं काढून दाखवलं. तासाभरानं साहेब ऑर्डरवर सही करत होते. मी वायरी गुंडाळत राहिले.

सही करता करता साहेबांनी विचारलं, "आबा, तुम्हाला हे सोलर परवडतं कसं?"

आबा पंखा काढायला वाकले होते. "घर नाय ना सायेब, म्हणून परवडतं."