मावसाजींच्या दाढेचा लेप

रायपुरात असं एकही लोखंडी फाटक नसेल, ज्याच्या रंगावरून माझ्या मावसाजींचा अंगठा फिरला नाही. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात लोखंडावर लेप चढवण्याच्या खात्यात त्यांनी उभी हयात काढली आणि निवृत्त झाल्यावर सगळं शहर तपासायला घेतलं. तेलीबांध्याला फिरायला गेले, की लोक तलाव बघत आणि हे कठडा. नखानं एखादा पोपडा उचलून म्हणत, "खाली घासलंच नाही यानं. गुळगुळीत लोखंडावर रंग काहून धरंल?" एका लग्नात तर नवरा-नवरीला आशीर्वाद द्यायच्या रांगेतच त्यांनी स्टेजचा खांब खरवडायला घेतला. मावशीनं हात धरून पुढे ओढलं, तेव्हा कुठे रांग हलली.

अशा माणसाची खालची दाढ गेली. दुसऱ्या बाजूच्या आधीच गेलेल्या, म्हणून इथं हाडात स्क्रू बसवून नवी दाढ लावायचं ठरलं. मी सोबत गेलो. डॉक्टर तरुण मराठी मुलगी, पण बोलायची हिंदीत. दुखेल का, दिवस किती लागतील, मावसाजींनी काही विचारलं नाही. "याच्यावर लेप कायचा हाय?" एवढंच.

तिनं नमुन्याचा स्क्रू त्यांच्या हातावर ठेवला. अंग मुद्दाम खरखरीत केलेलं, आणि त्यावर आपल्या हाडात असतं त्याच खनिजाचा पातळ थर.

"आपकी हड्डी थोड़ी नरम है, अंकल. इस कोटिंग से जल्दी पकड़ती है."

"अन् लेपच सुटला तं?"

"पहले मोटी कोटिंग कभी-कभी छूट जाती थी. ये पतली है. पर तीन महीने कुछ कड़क मत चबाना."

"पोट्टी खरं बोलते," बाहेर आल्यावर मावसाजी म्हणाले. त्या दवाखान्याच्या फाटकाला त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

दीड महिन्यानं स्क्रू हलू लागला. काढावाच लागला. डॉक्टरचा चेहरा उतरला. "शायद कोटिंग ने पकड़ा नहीं," ती म्हणाली, "या मुझसे ही कुछ रह गया."

जन्मभर लेपाला नावं ठेवणारा माणूस खाली मान घालून बसला होता.

"लेपाचा दोष नाही, बेटा. मी ठेठरी खाल्ली."

मावशीला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. कित्येक महिने ती शेगडीजवळ गेली नव्हती. त्या दिवशी तिनं एकट्या डाव्या हातानं बेसन मळून चार ठेठऱ्या तळल्या, वाकड्यातिकड्या, दगडासारख्या कडक, आणि ताटली घेऊन समोर बसली.

"माह्या दातांचं तिले आठवतच नव्हतं," मावसाजी म्हणाले. "अन् माह्या तोंडाकडे पाहून राहिली होती."

डॉक्टर पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "असू द्या, काका. हाड भरलं की पुन्हा बसवू."

दुसरा स्क्रू चांगला धरला. वर दाढही बसली. मावशीचं दुखणं मात्र पुढे वाढलं. आता तिला डावा हातही उचलवत नाही आणि मऊ भाताशिवाय काही गिळवत नाही. परवा मी शेव-चिवडा घेऊन गेलो. म्हटलं, "मावसाजी, आता सगळं चालते ना?"

"हव, चालते," ते म्हणाले. डबा त्यांनी माझ्याकडे सरकवला. मग दोघांच्या भातावर वरण ओतलं, कालवलं, आणि पहिला घास मावशीला भरवला.