वडनेरात उतरलेलं विमान

मला राग लवकर येतो, हे आमच्या वडनेर भोलजीत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या नाटकाच्या वेळी आलेला राग हक्काचा होता. हेडमास्तरांनी माझ्या पिठाच्या गिरणीचं विमान करून टाकलं होतं.

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली असतील. मास्तरांनी स्वतः नाटक लिहिलं. नायक फौजेतून थेट विमानानं गावात उतरतो आणि मग त्याचं लग्न लागतं. आमच्याकडे एसटी वेळेवर यायची मारामार, पण लेखणीला कोण अडवणार? बांबू आणि पोत्यांचं विमान बांधलं, चुन्यानं रंगवलं. दिसायला झकास झालं. आवाजाचं काय? शाळेच्या भिंतीला लागूनच माझी गिरणी. मास्तर म्हणाले, "तुझं इंजिन आहे ना!"

पहिल्या तालमीला मी इंजिन चालू केलं. विमान अजून आभाळातच होतं, तेवढ्यात सात-आठ बाया डोक्यावर ज्वारीचे डबे घेऊन हजर.

"संध्याकाळी बी दळून राह्यला का?"

"दळण नाही, हे विमान आहे!" मी ओरडलो.

एका म्हातारीनं डबा खाली ठेवला. "असू दे बापा. आधी माह्यं दळून दे, मंग उडव."

शेवटी गावात दवंडी द्यावी लागली. संध्याकाळी गिरणीचा आवाज आल्यास ते विमान समजावं, कोणीही दळण आणू नये.

खरी पंचाईत होती ती उतरण्याची. इंजिन बंद केलं की विमान अधांतरीच बंद पडल्यासारखं वाटायचं. "अरे, मेला ना माझा नायक!" मास्तर कपाळावर हात मारायचे. रिकामा ड्रम फरफटवला, तर बैलगाडी आली. नारळाच्या करवंट्या आपटल्या, तर घोडा आला. नवरदेव घोड्यावरच शोभतो म्हणून काहींना घोडाच पसंत पडला. मी म्हटलं, चुलीत गेलं तुमचं विमान.

तेव्हा मास्तरांना विमानकाका आठवले. काका माझे शेजारी. तरुणपणी सात वर्षं फौजेत, विमानतळावर होते. 'मी इमानावर होतो' असं सांगायचे. वर होते की खाली, हे कोणी विचारलं नव्हतं. काकूंच्या वडिलांनीसुद्धा नाही. विमानवाला जावई मिळतोय म्हणताच त्यांनी पोरगी देऊन टाकली होती.

काकांनी तालीम दोनदा ऐकली आणि मला गिरणीमागं नेलं.

"थाळ्या पाह्यजेत. फळीवर रचायच्या अन् फळी हलवायची."

"विमानात थाळ्या कायच्या, काका?"

"इमानात नाही बे. भटारखान्यात." त्यांनी इकडंतिकडं पाहून घेतलं. "सात वर्षं आलू सोलले म्या. खिडकी एक, ते बी भिंतीकडं. इमान उतरताना मले कधी दिसलंच नाही. फळीवरच्या थाळ्या थरथरल्या का समजायचं, आलं. तुह्या काकूले सांगू नको. सोळा वर्षं तिनं मले पाटावर बसवून वाढलं. तिले समजलं तं मी मेलो."

इंजिनावर हात ठेवून मी शपथ घेतली.

थाळ्या काकूंनीच राखेनं लखलखीत घासून दिल्या. वर काकांकडं बोट करून म्हणाल्या, "यायले विचारल्याशिवाय उतरते का इमान!"

आणि खरंच उतरलं. इंजिनाचा आवाज मंदावला की काका फळी हलवायचे. आधी बारीक थरथर, मग मोठा खणखणाट, मग हळूहळू शांत. विमान उतरताना आमच्यातल्या एकानंही पाहिलं नव्हतं, तरी ते असंच उतरतं यावर सगळ्यांचं एकमत झालं.

नाटकाच्या दिवशी दिवेलागणीला अख्खं गाव जमलं. काकू नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत. विमान आलं, थाळ्या वाजल्या, थांबल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण काकांच्या अंगात सात वर्षांची सवय होती. पडद्यामागून त्यांचा फौजी आवाज घुमला, "उतर गया! चाय चढाव! आलू-पुरी, आठ आदमी!"

नायक विमानातून बाहेर आला, भाषण विसरला आणि म्हणाला, "माह्यात साखर कमी."

लोक हसून हसून लोळले. पडद्यामागं काका फळी धरून उभे, चेहरा पांढराफटक. तेवढ्यात पुढच्या रांगेत काकू उठल्या आणि हसणं एकदम थांबलं.

"सोळा वर्षं!" त्या कडाडल्या. "सोळा वर्षं ह्या मानसानं घरी पान्याचा गिलास हातानं घेतला नाही! अन् तिकडं आठ-आठ झनाच्या पुऱ्या तळे?"

विमानाबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी थाळ्या परत द्यायला गेलो. काका चुलीसमोर उकिडवे बसून फुंकर घालत होते. काकू ओसरीत खांबाला टेकून, पाय लांब करून बसलेल्या. मी थाळ्या फळीवर ठेवायला गेलो, तर त्या खणखणल्या.

काकूंनी मान वळवलीसुद्धा नाही. "उतरलं वाटते इमान. चढवा चाय."

काकांनी आधण ठेवलं. माझ्याकडं सरकून हळूच म्हणाले, "सोळा वर्षं फुकटचा भ्यालो बे."