तिसरी रिंग

मेघनाचा फोन आला तेव्हा मी दुकानात पंपाचा शाफ्ट कातत होतो. मेघना म्हणजे माझ्या मावसबहिणीची, शैलाची, पुण्याच्या प्रयोगशाळेतली विद्यार्थिनी. "काका, मॅडम गेल्या," एवढंच ती म्हणाली. मी लेथ बंद केला आणि तसाच उभा राहिलो... त्याला आता दीड महिना झाला.

शैला आणि मी बोरी बुद्रुकचे. एकाच सायकलवरून शाळेत जायचो. दहावीनंतर मी लेथवर आलो, ती शिकत गेली. पुण्यात ती अणूंचे फोटो काढण्याच्या खटपटीत होती. हवा काढून घेतलेल्या काचेच्या पेटीत अणू गार करून जवळजवळ थांबवून धरतात आणि त्यांचा अंधूक उजेड बाहेरून भिंगांनी गोळा करतात, असं तिने मला दुकानात बसून समजावलं होतं. तसली तयार भिंगं परदेशातून आणणं लहान कॉलेजांच्या आवाक्याबाहेरचं. शैलाचं म्हणणं, बाजारातली साधी चार भिंगं नेमक्या अंतरावर बसवली तर तेच काम होईल. अंतर राखणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तीन रिंगा तिला माझ्याकडूनच हव्या होत्या.

"पुण्यात मशिनी हायेत की लई," मी म्हणालो.

"तुझा हात नाय तिथं, दादा."

दोन रिंगा बिनचूक उतरल्या. तिसरीच्या वेळी दुकानात पंपवाल्यांची गर्दी होती. मोजली तर केसभर जाड भरली. मला दिसलं. तरी मी ती पुण्याला धाडायच्या डब्यात टाकली...

जोडणी झाल्यावर स्वच्छ ठिपक्याऐवजी भोवती धुकं येऊ लागलं. शैलाने गणित पुन्हा मांडलं, पेटीची काच पुन्हा मोजली. महिनाभर. तेव्हा तिचे उपचार चालू होते, दिवस थोडे आहेत हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. फोनवर ती धुक्याचं सांगायची आणि मी नुसतं "हूं" म्हणायचो.

ती विश्रांतीला घरी आली तेव्हा मला राहवलं नाही. "शैला, तिसरी रिंग जाड व्हती. मला ठाऊक व्हतं."

तिने लॅपटॉप मांडीवर ओढला आणि म्हणाली, "किती?"

मी आकडा सांगितला. तिने तो गणितात घातला आणि पडद्यावर तेच धुकं उमटलं.

"म्हणजे माझं गणित चुकलं नव्हतं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. मी माफी मागू लागलो, तर म्हणाली, "ओरडायला बी ताकद नाय रे माझ्यात. जा, दुसरी कर."

त्याच दिवशी केली आणि मेघनाकडे पुण्याला पाठवली. आठवड्याभरात ती दवाखान्यात गेली, ती परत आली नाही.

फोटो आला तो ती गेल्यावर नवव्या दिवशी. मेघना तो मोबाइलवर घेऊन मावशीकडे, शैलाच्या आईकडे, आली. काळ्यावर स्वच्छ ठिपक्यांची एक ओळ. मावशीने फोन डोळ्यांजवळ धरला.

"माज्या पोरीनं केलं व्हय हे? तिनं पायलं का?"

"थोडक्यात राहिलं, आजी," मेघना म्हणाली.

किती थोडक्यात, ते मला माहीत होतं. एक महिना.

आता दोन कॉलेजांनी शैलाचा आराखडा मागून नेला आहे. रिंगा मीच करतो. आणि मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "ह्यानं लई केलं माज्या शैलासाठी." मी खाली बघतो. तिला वाचता येत नाही; रविवारची पुरवणी शेजारीण वाचून दाखवते.

हे सगळं मी लिहून त्या पुरवणीला दिलं आहे, या रविवारी छापून येईल. या रविवारी मीच जाणार आहे वाचायला.